राजाची उडी

बाबांनी राजा उचलला, क्षणभर हवेत धरला, आणि घोडा जावा तसा अडीच घरं ओलांडून प्याद्यांच्या आडोशाला नेऊन ठेवला. मग खांद्यावरच्या टॉवेलने कपाळ पुसलं आणि लेकीकडे बघितलं. आता तुझी चाल, अशा बेताने.

हेमांगीचा हात स्वतःच्या वजिराच्या डोक्यावर होता. तो तिने अलगद मागे घेतला.

"बाबा, हा राजा आहे."

"मग? मी काय घोडा म्हटला काय त्याला?"

"राजा असा नाही जात. एकच घर जातो."

"जातो की. गेला ना आत्ता."

हे त्यांनी इतक्या शांतपणे म्हटलं की क्षणभर तिचाच गोंधळ उडाला. बोळिंजच्या तीन-चार सोसायट्यांमधली पोरं जिच्याकडे बुद्धिबळ शिकतात त्या बाईचा राजाच्या चालीवरून गोंधळ उडावा, म्हणजे गंमतच. पण हेमांगीला ती गंमत वाटली नाही. विकी म्हणत होता ते खरं निघणार, आणि तेही बुद्धिबळाच्या पटावर, असं तिला वाटलं नव्हतं.

विकी तिचा धाकटा भाऊ. विरारला त्याचं विजेच्या सामानाचं दुकान आणि मनवेलपाड्याला चौथ्या मजल्यावर घर. चैत्रात त्यांच्या बाबांनी, काशीरामबाबांनी, भाताचं सगळं बी भिजत घातलं, मोड आणले आणि मग पिंपाशी बसून राहिले, तेव्हापासून विकीच्या डोक्यात एकच विषय. पेरणीला दोन महिने असताना चैत्रात कोणी बी भिजवतं? शेजारचा सोनू विचारायला गेला तर बाबा म्हणाले, उगवतं का बघत होतो. मूठभर भिजवलं असतं तर ते पटलंही असतं.

"ताई, उद्या काय करतील सांगता येत नाही," विकी म्हणाला होता. "एकटं ठेवायची रिस्क मी नाही घेणार. मी एक खोली रिकामी केलीये."

"चौथ्या मजल्यावर ते काय करतील?"

"जिवंत राहतील."

आई गेल्यानंतर बाबा चांदीपच्या घरात एकटेच राहत होते, आणि आपल्या हाताने खाऊन-पिऊन ठणठणीत होते. एकदा विकीकडे आठवडाभर राहून आले तेव्हा हेमांगीने विचारलं होतं, कसं वाटलं. "मानूस वर बसतो आनि खाली बघतो," एवढंच ते म्हणाले. पुन्हा त्यांनी तिकडचं नाव काढलं नाही. हेमांगीने त्यांना शब्द दिला होता की तुमच्या मनाविरुद्ध तुम्हाला इथून कोणी हलवणार नाही. विकीलाही ते ठाऊक होतं. म्हणून शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे. तू जा, त्यांच्याशी खेळ. तुला कळेल. तू म्हणशील तसं करू."

ती खेळली, आणि तिला दिसलं ते हे.

तिने डाव पुढे नेला नाही. दूध नासेल, ऊन कलतंय, असलं काहीतरी पुटपुटून सोंगट्या डब्यात भरल्या. बाबांना ते आवडलं नाही.

"डाव अर्धा टाकून उठायचं कोनी शिकवलं तुला?"

"काम आहे बाबा."

"हरायची लक्षनं दिसली की सगळ्यांना काम आठवतं," ते म्हणाले, आणि पडवीच्या कडेला जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्कूटर घेतली आणि नंदाखालला सिप्रियन सरांकडे गेली. हे सर पूर्वी चांदीपच्या बाजूच्या शाळेत होते. बाबांच्या वयाचे आणि त्यांचे पटावरचे जुने मित्र. दोघांनी मिळूनच हेमांगीला खेळायला बसवलं होतं. आता गुडघे गेल्यामुळे सरांचं तिकडे जाणं सुटलं होतं. सरांच्या बायकोने, इनेझबाईंनी, तिला वाडीत पाठवलं. सर केळीची सुकलेली पानं काढत होते.

तिने सांगितलं.

सर ऐकत होते, हातातलं पान तसंच धरून. आणि मग चक्क हसले.

"राजा घोड्यासारखा टाकला? शह बसला होता का आधी?"

"नाही. शह कुठे, सुरुवातच होती."

"मग बरोबर खेळला काशीराम. चुकलीस तू."

तिला कळेना. सरांनी तिला बांधावर बसवलं. म्हणाले, अगं, तुमच्या गावात माझ्याआधी काय खेळत होते सगळे? देशी बुद्धिबळ. कापडाचा पट, लाकडाच्या सोंगट्या. प्यादं पहिल्या चालीलासुद्धा एकच घर. तुमचा तो किल्लेकोट नाही, राजा आणि हत्तीची अदलाबदल नाही. त्याऐवजी राजाला एक उडी. सबंध डावात एकदा, आणि तीही शह बसायच्या आत, तो घोड्यासारखा उडू शकतो. एकदा उडाला की संपलं, पुन्हा नाही.

"बाबा मला कधी बोलले नाहीत."

"कसे बोलतील? तुला स्पर्धेत उतरवायचं होतं. छापील नियमांचं पुस्तक मीच आणलं होतं. काशीराम म्हणाला, पोरीला दोन्ही शिकवलं तर तिकडे जाऊन घोटाळा करील. तुझ्यासाठी त्याने स्वतःचा खेळ सोडला, असंच म्हण. मला म्हणायचा, राजाची उडी काढून घेतलीत आणि बदल्यात पालखी दिलीत, राजा बसला पालखीत आणि चालला कोपऱ्यात."

हेमांगी हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत.

"आणि गंमत ऐक," सर म्हणाले. "नवे नियम शिकल्यावर सुरुवातीला हरला तो माझ्याकडून. मग परत जिंकायला लागला. कसा? नियम नवे, पण हात जुनाच. प्यादं एकेक घर, उंट कोपऱ्यात चढवलेला, मधलं सगळं मैदान मला मोकळं. मी आपला मध्ये प्यादी रोवून बसायचो, राजासारखा. आणि मग तो कुठून तरी मधोमध असा धक्का द्यायचा, की आख्खं कोसळायचं. पुढे पुस्तकात वाचलं की याला नाव आहे."

नाव हेमांगीला चांगलंच माहीत होतं. किंग्ज इंडियन. ती तो डाव दर वर्षी शिकवत होती, पाठ म्हटल्यासारखा. घोडा इथे, प्यादं इथे, उंट इथे, मग किल्लेकोट. इंडियन का, असं एखाद्या पोराने विचारलंच तर ती म्हणायची, आपल्याकडचा आहे म्हणून. याच्या पलीकडे तिने कधी डोकं चालवलं नव्हतं. आपल्याच घरातला डाव आपण परक्या पुस्तकातून शिकलो आणि पोरांना शिकवला, हे कळायला तिला केळीच्या बागेत यावं लागलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

त्या आठवड्यात तिने जे मिळेल ते वाचून काढलं. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीची गोष्ट. कलकत्त्यात एक गोरा बॅरिस्टर होता, बुद्धिबळात पट्टीचा, त्याला तोडीचा गडीच मिळेना. मग कोणाला तरी खेड्यात एक बंगाली ब्राह्मण सापडला, महेशचंद्र बॅनर्जी. देशी खेळात त्याला कोणी हरवलं नाही अशी ख्याती. त्याला शहरात आणलं, साहेबाचे नियम शिकवले. त्याने ते शिकून घेतले, पण हाताची सवय जाते थोडीच? साहेब दोन-दोन घरं धावत मध्ये येऊन बसायचा आणि हा आपला एकेक घर पुढे. उंट कोपऱ्यातून लांब तिरका डोळा लावून. हरला पुष्कळ वेळा. पण जेव्हा जिंकला तेव्हा साहेबाला मधलं मैदान जड झालेलं असायचं. त्या डावांच्या नोंदी विलायतेला गेल्या, छापल्या गेल्या, आणि तिथल्या शहाण्यांनी नाकं मुरडली. मध्य सोडून देणं म्हणजे अडाणीपणा. पुढे कितीतरी वर्षांनी त्याच शहाण्यांची नातवंडं तोच डाव खेळून मोठी झाली आणि त्याला हिंदुस्थानचं नाव देऊन मोकळी झाली.

तिने हे सगळं क्लासमध्ये सांगितलं. लोखंडी फळ्यावर चुंबकाच्या सोंगट्या लावत, हातवारे करत. पोरं तोंड उघडं टाकून ऐकत होती. बाईंना काय झालंय हे त्यांना कळत नव्हतं. बाईंना आनंद झाला होता, एवढंच.

संध्याकाळी तिने विकीला फोन केला.

"बाबा ठीक आहेत. चुकले नव्हते ते. मीच अडाणी." तिने उडीची सगळी हकिकत सांगितली.

विकीने विचारलं, "आणि बी?"

"उगवतं का बघत होते. म्हणाले ना ते."

"ताई, एवढं सगळं बी?"

"विकी, ज्याला पन्नास वर्षांपूर्वीचा नियम जसाच्या तसा आठवतो, त्याचं डोकं ठिकाणावर नाही म्हणायचं?"

"मला बुद्धिबळातलं काय कळतं यार," विकी म्हणाला. "तू बोलतेस तर ठीक आहे. राहू देत."

फोन ठेवताना तिला आपण एखादा मोठा सामना मारल्यासारखं वाटलं. खरं तर बुडत्याला काडीचा आधार होता तो. पण बुडणाऱ्याला काडी काडी आहे हे कुठे दिसतं?

मग दर रविवारी ती चांदीपला जायला लागली. देशी नियमांनी खेळायचं, असं तिनेच ठरवलं. बाबांना काय आनंद झाला! कपाटाच्या तळातून कापडाचा पट निघाला. कसरीने एका कडेला भोकं पाडलेली, पण घरं शाबूत. पडवीत चटई टाकून दोघं बसायची. काळ्या सोंगट्या बाबांच्या, हे न बोलता ठरलेलं. पहिले काही डाव ती सपाटून हरली. प्यादी दोन घरं पळवायची सवय, हात आपोआप पुढे जायचा, आणि बाबा तिच्या बोटांवर टिचकी मारायचे.

"घाई कोनाला आहे? गाडी सुटते काय तुझी?"

"मग तुम्ही मला मधलं सगळं का देताय?"

"घे ना. मध्ये बसलं की सगळीकडून राखायला लागतं. शेताच्या मधोमध झोपडी बांधली तर चारी बाजूंची डुकरं आतल्या मान्सालाच हाकायला लागनार. बसू द्यावं मान्साला मध्ये. आपन कडेला बसावं. तो दमला की मग एक प्यादं सरकवायचं."

"आणि दमला नाही तर?"

"तर आपन हरलो. त्यात काय?"

किंग्ज इंडियनवर तिने डझनभर पुस्तकं वाचली होती. एवढ्या थोडक्यात तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिचा जीव त्या दुपारींमध्ये गुंतत गेला. लहानपणी बाबा शेतावर असायचे, नंतर ती सासरी गेली. इतका वेळ त्या दोघांनी कधी एकत्र काढलाच नव्हता.

तशा बारीकसारीक गोष्टी घडत होत्या. चहा दोनदा विचारला जायचा. एकदा बाबांनी तिला तिच्या आत्याच्या नावाने हाक मारली. तिने ओ दिली आणि विसरून गेली. एका रविवारी ती निघताना सोनू कुंपणापाशी येऊन उभा राहिला.

"ताई, बोलू का नको असं झालंय. काका परवा दुपारी शेतावरनं आले ते आमच्याच पडवीत शिरले. चप्पल काढली, पाय धुतले, आनि बायकोला म्हनाले, जेवन वाढ."

"ऊन लागलं असेल."

"असेल," सोनू म्हणाला. "ती वाढली. जेवले पन. मग आपले उठून घरी गेले."

"डाव बघ त्यांचा एकदा येऊन," हेमांगी म्हणाली. "मला अजून दोन डाव सलग जिंकता आले नाहीत."

सोनूने मान हलवली. बुद्धिबळाने सोनूचं समाधान होण्यासारखं नव्हतं, पण ताईंच्या तोंडाला कोण लागणार. आपल्या माणसाच्या बाबतीत डोळ्यांवर कातडं ओढून घ्यायला फार कष्ट पडत नाहीत. ते आपोआप येतं. हेमांगीने ठरवून टाकलं होतं की बाबांची नाडी पटावर लागते, बाकी कुठे बघायचंच नाही.

वैशाख संपत आला होता. त्या रविवारी आभाळ भरून आलेलं होतं आणि हवा जागची हलत नव्हती. बाबांनी अंगात फक्त गंजी ठेवली होती. डाव लवकरच सुरू झाला.

त्या दिवशी त्यांनी नेहमीचा उंट कोपऱ्यात चढवला नाही. उलट दुसऱ्या अंगाचा चढवला, आणि राजाच्या बाजूचं एकच प्यादं एक घर सरकवून त्या मागच्या पोकळीत राजाची उडी घेतली. राजाशेजारचा उंट घरातच, समोरची प्यादी जागच्या जागी. हेमांगीला वाटलं, म्हातारा नवीन काहीतरी शिकवणार आज. ती सावध झाली. हळूहळू, त्यांच्याच पद्धतीने, तिने काहीही मध्ये न घेता कडेकडेने सोंगट्या आणल्या. वाट बघितली. बाबांनी एक घोडा भलतीकडे नेला, आणि तिला वाट दिसली. वजीर पुढे, मग हत्ती. आणखी एक चाल, की मात.

तिने वजीर पुढे टाकला. आपल्या बापाला त्याच्याच खेळात हरवण्यासारखं सुख नाही.

बाबा वाकले. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी राजा उचलला, आणि अडीच घरं ओलांडून प्याद्यांच्या पलीकडे नेऊन ठेवला.

"घे," ते म्हणाले. "आता धर त्याला."

हेमांगी हसली. बाबा कधी कधी खोड्या काढायचे.

"चीटिंग काय बाबा. उडी झाली तुमची."

"कधी?"

त्यांच्या चेहऱ्यावर खोडी नव्हती. ते तिच्याकडे बघत होते, तिच्या तोंडावर उत्तर लिहिलेलं असावं तसे. क्लासमधली पोरं अशी बघतात, गृहपाठ होता हेच विसरलेली.

कितीतरी वेळ गेला असं तिला वाटलं. खरं तर क्षणभरच गेला असेल. तिच्या डोक्यात बी भिजत घातलेलं पिंप आलं, सोनूच्या पडवीतलं ताट आलं, आत्याचं नाव आलं. सगळं एकदमच आलं, इतके दिवस दाराबाहेर उभं केल्यासारखं. आणि ती घाबरली. बाबांसाठी आणि स्वतःसाठीही.

"नाही नाही," ती म्हणाली. "माझंच चुकलं. तो मागच्या डावातला. खेळा तुम्ही."

आणि उशीर नको म्हणून तिने लगेच आपली चाल केली. हत्ती उगाच एका बाजूला सरकवला, जिथे त्याचं काही काम नव्हतं.

बाबांनी तिच्या हत्तीकडे बघितलंच नाही. ते पटाकडे बघत होते. मग त्यांनी हात पुढे केला, सोंगटी उचलायला नाही. त्यांनी घरातल्या उंटाला बोट लावलं. मग त्याच्या पुढच्या प्याद्याला. मग शेजारच्या. सावकाश, एकेकाला, खांब हलतोय का बघावं तसं.

"हा उंट हलला नाही," ते म्हणाले.

"नाही."

"ही प्यादीपन जागची हलली नाहीत."

तिने चटईची कड मुडपली.

"मग राजा इथं आला कसा होता? चालत यायला वाटच नाही. कुंपन जागच्या जागी आनि गाय भायेर." त्यांचं बोट राजाच्या मघाच्या, आता रिकाम्या घरावर थांबलं. "म्हंजे उडी घेतली होती मी."

"बाबा, होतं असं. माझ्याकडची पोरं तर..."

"मला नको शिकवू."

आवाज चढलेला नव्हता. त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं, मग परत पुसलं.

"हेमू, तू एवढीशी होतीस तेव्हा रडायचीस, चाल परत द्या म्हनून. मी कधी दिली नाही. आई भांडायची माझ्याशी. मोठी झालीस तर तूपन मला कधी दिली नाहीस. परवाच्या रविवारी नाही, त्याच्या आधी नाही." ते थांबले. "आज दिलीस."

हेमांगीला रडू आवरेना. तोंडावर पदर-ओढणी काही घेता आलं नाही, ती तशीच त्यांच्यासमोर रडली. आपण सांभाळून घ्यायला गेलो आणि आपणच त्यांना सांगून बसलो, हे तिला कळलं होतं. विकीने सांगितलं असतं, सोनूने, कोणा डॉक्टराने सांगितलं असतं तर बाबांनी ऐकलं नसतं. खोटं बोलतात म्हणून हाकलून दिलं असतं.

"तुला कधीपासून ठाऊक?" त्यांनी विचारलं.

"आत्ता. खरंच आत्ता."

त्यांनी मान हलवली. त्यावर त्यांचा विश्वास बसला असावा. मग त्यांनी आपला राजा उचलला आणि पहिल्या उडीनंतर होता त्या घरात परत ठेवला. तिचा हत्तीही मघाच्या जागी सरकवला. आणि तिच्याकडे बघितलं.

"खेळ."

"नको बाबा."

"खेळ म्हनतो ना."

तिने चाल केली. मात झाली. दोघांनी ती बघितली.

"चांगली बांधलीस," बाबा म्हणाले. "कडेकडेनं आलीस. हा आपला खेळ." मग गुडघ्यांवर हात टेकून ते उठले. "विकीला फोन लाव. गाडी घेऊन ये म्हनावं."

"आज कशाला? आपण सावकाश बोलू. पुढच्या रविवारी मी येतेच आहे, तेव्हा..."

"उद्या हे मला आठवनार नाही," ते म्हणाले. "मग मी नाही म्हनीन. तुझ्याशी भांडीन, तू दिलेला शब्द काढीन. तू हलवनार नाहीस मला मग. आज आठवतंय तवर ने."

ते आत गेले. लोखंडी कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, मग दोरीवरचे कपडे ओढल्याचा. हेमांगी चटईवरच बसून होती. सोंगट्या भरायला हवेत असं तिला वाटलं, पण पटाला हात लावला नाही. तिने फोन काढला आणि विकीचा नंबर लावला.

"बोल गं ताई," विकी पलीकडून म्हणाला. मागे दुकानातल्या गिऱ्हाइकांचा गलका होता. "झाला काय डाव? कोण जिंकलं?"

आतून बाबांचा आवाज आला, पांढरा सदरा कुठं ठेवलाय गं, म्हणून. हाक तिलाच होती, तिच्या नावाने.

"आले बाबा," ती म्हणाली. आणि मग फोनमध्ये, "विकी, गाडी घेऊन ये. लगेच निघ. दुकान कोणावर तरी सोड, पण अंधार पडायच्या आत ये."